सगळ्यांच्या तोंडात म्हैस

विश्रामबाग, सांगली
४ नोव्हेंबर २०२४

प्रिय संयो,

आधी भांडण, मग काम. मी फोनवर काही महत्त्वाचं सांगायला लागले की तू "थांब, डेअरीची गाडी आली" म्हणून पळतेस. दाजींना मात्र सीमेवर दर आठवड्याला दोन-दोन पानं लिहितेस. मग मावसबहिणीनं काय पाप केलंय? आजपासून मीही पत्रच लिहिणार. तू गाडीमागे पळालीस तरी पत्र आपलं फ्रिजवर पडून राहील, बिचारं तोंड बंद करून.

आता काम. माझ्या पीएचडीचं घोडं पेंड खातंय. जूनमध्ये वीज गेली, आमचा डीप फ्रीझर बंद पडला आणि जमवलेले सगळे नमुने वाया गेले. प्रगती समितीसमोर मी रिकाम्या हातानं उभी राहिले. अध्यक्ष म्हणाले, "फेब्रुवारीतही असंच असेल तर नोंदणी रद्द." विनोदिनी मॅडम, म्हणजे माझ्या गाइड, मध्ये पडल्या म्हणून निदान फेब्रुवारी तरी मिळाला. संयो, मला दुसरं काही करायचंच नाहीये गं. नोंदणी गेली तर मी काय करेन याचा विचार सुद्धा मी करत नाही.

बीएस्सीचं सगळं शेणात कालवलं असशील म्हणून थोडक्यात सांगते. दुधातली साखर फोडायला पोटात लॅक्टेज नावाचं विकर लागतं. ते बनवणारं जनुक म्हणजे तुमच्या विहिरीवरची मोटार समज. त्या जनुकाच्या अलीकडे डीएनएचा एक तुकडा असतो, प्रमोटर. तो स्टार्टर. पिल्लू आईला पितं तोवर मोटार चालू. दूध तुटलं की बहुतेक सगळ्या सस्तन प्राण्यांत ती हळूहळू बंद पडते. काही माणसांत तेवढी म्हातारपणापर्यंत चालते. मला वेगवेगळ्या प्राण्यांचे हे स्टार्टर शेजारी शेजारी मांडून बघायचेत. कुठली अक्षरं लाखो वर्षं जशीच्या तशी राहिली, कुठली बदलली.

आणि एकाच घरात एवढे सस्तन प्राणी असलेलं माझ्या ओळखीचं दुसरं घर नाही. म्हैस, शर्यतीचा खोंड, शेळीचं करडू, कुत्रा, मांजर हवेत. शिवाय मोठेपणी दूध पचवणारा एक माणूस हवा. त्यासाठी तुझे सासरे. तात्या रोज संध्याकाळी पेलाभर दूध पितात आणि खंडाळ्याच्या स्टँडवर त्याची जाहिरात करतात हे मी स्वतः ऐकलंय. सोबत थर्माकोलची पेटी आहे. कापसाची काडी गालाच्या आतून फिरवायची, नळीत टाकायची, झाकण लावायचं, आणि पेटी बर्फ घालून एसटीच्या पार्सलनं परत.

खोंड चावत नाही ना गं?

तुझी घाबरट
अशू

*

मु. पो. खंडाळा, जि. सातारा
१७ नोव्हेंबर २०२४

अशूबाई,

खोंड चावत नाही, तुडवतो. त्याचं नाव रणगाडा आहे, आता कळलं का? हवालदार जोतीराम, निवृत्त, म्हणजे आमच्या तात्यांनी ठेवलेलं नाव. कुत्र्याचं नाव सुभेदार. म्हणजे आमच्या घरात तात्यांपेक्षा कुत्र्याचा हुद्दा मोठा, आणि तात्या त्याला खरंच सलाम ठोकतात.

तुझी पेटी बघून तात्या जे उभे राहिले ते बसलेच नाहीत. मी म्हटलं, उद्या सकाळी सगळ्यांची तोंडं धुऊन नमुने घेऊ. तर म्हणाले, "सकाळी न्हाई. सांजच्याला धार झाल्यावर. तवा समदी आपसूक गोळा हुत्यात. हुकूम द्यायची बी गरज न्हाई."

आणि खरंच गं. धार झाली, तात्या नेहमीसारखे पेला घेऊन गोठ्यामागे गेले आणि थोड्या वेळानं उपरण्यानं मिशी पुसत आले, तर मागून मांजर, सुभेदार आणि करडू अशी पलटणच आली. रणगाडा दाव्याला होता, तोही जिभेनं नाक चाटत शहाण्यासारखा उभा. आत्याबाई (माझ्या सासूबाई गं, शालूबाई) ओट्यावरून म्हणाल्या, "आवं, मिशीला अजून लागलंया बगा." तात्यांनी पुन्हा पुसली.

मग एकेक काडी. मांजरानं मला ओरबाडलं. सुभेदारानं पहिली काडी खाल्ली, म्हणून दुसरी. रणगाड्याचं तोंड तात्यांनी धरलं आणि कानात काहीतरी सांगितलं. तो देवासारखा उभा राहिला. गोजरी म्हैस तर काडी घातली तरी रवंथ करत होती. शेवटी तात्यांनी स्वतःच आ वासला आणि डोळे मिटून घेतले. काडी काढल्यावर म्हणाले, "ह्यातनं काय काय कळतं गं?"

मी म्हटलं, सगळं कळतं. तर घाईघाईनं पेला विसळायला गेले.

पेटी पाठवलीय. कंडक्टरला वाटलं आइस्क्रीम आहे. जपून ने, आणि त्या समितीला म्हणावं, आमच्या रणगाड्याची थुंकी कुणालाही मिळत नाही.

तुझी
संयो

*

सांगली
१२ डिसेंबर २०२४

संयो, संयो, संयो!

बस. खाली बस. डेअरीची गाडी आली असेल तर जाऊ दे.

सारखे आहेत! सगळ्यांचे स्टार्टर सारखे आहेत! मांजर, कुत्रा, करडू, खोंड, म्हैस, सगळ्यांचा प्रमोटर अक्षर न् अक्षर सारखा! मी स्क्रीनवर एकाखाली एक ओळी लावल्या आणि एकही अक्षर हललं नाही. मी खुर्चीवरून उठले, खाली जाऊन कॅन्टीनमध्ये चहा प्यायले, परत येऊन बघितलं, तरी सारखेच! तात्यांचं अजून व्हायचंय. माणसासाठी वेगळी रसायनं लागतात, ती मागवलीत.

कळतंय का तुला? हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मांजर आणि म्हैस वेगळ्या वाटांनी गेल्याला किती कोटी वर्षं झाली, आणि हा एवढासा तुकडा दोघींनी जसाच्या तसा जपून ठेवला! का? दुधासाठी! आईच्या दुधासाठी! संयो, मी रडले. खरंच रडले. पूर्ण लॅबला भडंग वाटलं, तेही स्वतःच्या पैशानं, यावरून समज.

मॅडम काय म्हणाल्या माहितीये? "असं होत नसतं, अश्लेषा." एवढंच. मी म्हटलं, झालंय ना पण! त्या म्हणाल्या, बघू. त्यांचं "बघू" म्हणजे आईचं "बघू". मी काही ऐकणार नाही. फेब्रुवारीत समितीसमोर पहिली स्लाइड हीच. त्या अध्यक्षांचं तोंड मला बघायचंय.

तात्यांना माझा कडक सलाम. रणगाड्याच्या कपाळावर माझ्या वतीनं हात फिरव. लांबूनच फिरव.

तुझी जगप्रसिद्ध
अशू

*

खंडाळा
२० डिसेंबर २०२४

अशू,

तुझं पत्र वाचून आनंद झाला. मग पुन्हा वाचलं.

मी लगेच गोठ्यात जाऊन आले. मांजराला शिंगं आलेली नाहीत. सुभेदार रवंथ करत नाही. तू म्हणतेस तर असेलच, पण मला बीएस्सीचं जे चार आणे आठवतं त्यात एवढं सारखं काही नव्हतं. मॅडम म्हणतात त्यात तथ्य असेल का गं? मोठी माणसं उगीच "बघू" म्हणत नाहीत.

मी काय म्हणते, नमुने पुन्हा पाठवू का? या वेळी सकाळी घेते. तोंडं धुऊन, उपाशीपोटी. म्हणजे प्राण्यांच्या उपाशीपोटी. काही कारण नाही, मला आपलं वाटलं. संध्याकाळी उजेड कमी असतो, काड्यांची अदलाबदल झाली असेल, काहीही झालं असेल.

आणि ती पहिली स्लाइड एवढ्यात करू नकोस. थोडी कळ काढ. माझं ऐक.

इथं गोजरीनं दूध वाढवलंय. आत्याबाईंनी तात्यांसाठी मोठा पेला काढलाय. तात्यांचं तोंड बघण्यासारखं होतं.

तुझी
संयो

*

सांगली
६ जानेवारी २०२५

संयोगिता,

पूर्ण नाव लिहिलंय. समजून घे.

तुझं पत्र वाचून मी पहिले चार दिवस तुझ्यावर जाम चिडले होते. जगात एक माणूस माझ्या बाजूनं नाचेल अशी खात्री होती, आणि तीच म्हणते उजेड कमी होता. मी मॅडमना म्हटलं, मी हेच मांडणार. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मांड. पण आधी प्रत्येक नळीत म्हैस आहे का ते बघ." त्याची वेगळी चाचणी असते. म्हशीचा डीएनए असला तरच पट्टी उमटते.

मी त्यांना खोटं पाडायला केली. अगदी नाक वर करून.

कुत्र्याच्या तोंडात म्हैस. मांजराच्या तोंडात म्हैस. करडाच्या तोंडात म्हैस. रणगाड्याच्या तोंडात भली दांडगी म्हैस. संयो, माझ्या पायाखालची जमीन सरकली. दुधात म्हशीच्या पेशी असतात, पेशीत डीएनए असतो. आणि मी डीएनए पकडायला जे चिमटे वापरले ते म्हशीच्या अक्षरांवरच बेतलेले होते. त्यांनी प्रत्येकाच्या तोंडातली म्हैस तेवढी उचलून आणली. मी पाच प्राणी तपासलेच नाहीत. पाच वेळा गोजरी तपासली आणि लॅबभर भडंग वाटलं!

आता पुढचं ऐक. सगळ्यांत म्हैस, आणि एका नळीत नाही. तात्यांच्या. जो माणूस तू लिहिलंस तसा नुकताच पेला रिकामा करून मिशी पुसत आला होता, त्याच्या तोंडात म्हशीचा मागमूस नाही! मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, "अश्लेषा, त्या घरात दूध कोण पितं, हे आधी शोध."

तुला माहीत होतं. हो ना? तू उपाशीपोटी म्हणालीस, तोंडं धुऊन म्हणालीस. सगळं सांगितलंस, फक्त खरं सांगितलं नाहीस. मी त्या निकालावर समितीसमोर उभी राहिले असते तर? नोंदणी तर गेलीच असती, वर आयुष्यभर "म्हशीवाली अश्लेषा" म्हणून ओळख राहिली असती. मला राग आलाय. हसूही येतंय, पण राग जास्त आहे. खरं काय ते लिही.

अशू

*

खंडाळा
१२ जानेवारी २०२५

अशू,

तुझा राग रास्त आहे. शिव्या घाल, मी ओंजळ धरलीय. माहीत होतं मला.

लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी गोठ्यामागे गोवऱ्या आणायला गेले, तर तात्या पेल्यातलं दूध मांजराला पाजत होते. मग सुभेदाराला, मग करडाला, आणि राहिलेलं सगळं खोंडाच्या घमेल्यात. मला बघून त्यांचा चेहरा चोरी पकडलेल्या पोरासारखा झाला. म्हणाले, "सूनबाई, मला दूध सोसत न्हाई. प्यालं की पोटात रातभर गोळीबार चालतुया. पर तुज्या सासूला कळू दिऊ नगंस. ती लय हौसेनं आनून देती." मी शब्द दिला. आता सांग, काय करू? इकडे दिलेला शब्द, तिकडे तू नाचतेयस. तुला लिहिलेली दोन पत्रं मी फाडली आणि तिसरं पाठवलं, तेही असलं लबाड. मला माझीच लाज वाटली.

तुझं पत्र आलं आणि मी सरळ तात्यांना उसाच्या बांधावर गाठून वाचून दाखवलं. सगळं. "आयुष्यभर म्हशीवाली" पर्यंत. त्यांनी ऐकून घेतलं, टोपी नीट केली आणि म्हणाले, "पोरीचं शिक्षान जातंय व्हय ह्यापायी? मग चल." आणि थेट स्वयंपाकघरात.

"आगं, आयकलंस का. तुजं दूध मी पीत न्हाई."

आत्याबाईंच्या हातात उलथनं होतं. "मग कोन पितंय?"

"रणगाडा."

मला वाटलं, आता उलथनं उडतं. आत्याबाईंनी उलथनं तव्याशेजारी ठेवलं. मग म्हणाल्या, "येवढी वर्सं? पोटात दुकत हुतं तर बोल्ला का न्हाईसा?"

तात्या खाली बघून म्हणाले, "तू सोताच्या हातानं आनून देत हुतीस. न्हाई कसं म्हनू गं?"

अशू, आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही. पण तेवढ्यात त्यांच्या डोक्यात काहीतरी चमकलं. "म्हंजी दिवाळीच्या शर्यतीत त्यो खोंड पयला आला, त्यो माज्या दुधावर?" तात्या म्हणाले, "व्हय की." "आन् फेटा तुमी बांदून घेतला!" मग जे काही झालं ते मी लिहीत नाही. एवढंच सांगते, फेटा आता आत्याबाईंच्या ट्रंकेत आहे, आणि तात्यांना कोरा चहा मिळतो.

नवे नमुने तू परत पाठवलेल्या याच पेटीत आहेत. आज पहाटे, धारेच्या आधी घेतलेत. रणगाडा आणि गोजरी यांचे शेपटीचे केस मुळासकट, म्हणजे तोंडाचा प्रश्नच नाही. बाकीच्यांची तोंडं मी स्वतः पाण्यानं धुतलीत. मांजरानं दुसरा हातही ओरबाडलाय, ही माझी शिक्षा समज.

अजून महिना आहे तुझ्याकडे. जागून कर, पण कर. आणि जमलं तर माफ कर.

संयो

*

सांगली
१५ फेब्रुवारी २०२५

माझ्या लबाड बहिणी,

माफ केलं. पेटी उघडली तेव्हाच केलं होतं, पण थोडा भाव खाल्ला.

काल समिती झाली. नवे निकाल हातात होते, आणि चांगले होते. जुन्याबद्दल गप्प बसले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. आदल्या दिवशी मी तसंच ठरवलंही होतं. पण उभी राहिले, अध्यक्षांच्या कपाळावरच्या आठ्या बघितल्या, आणि तात्या आठवले. टोपी नीट करून सरळ स्वयंपाकघरात गेलेले. मग मीही ओढणी नीट केली आणि म्हटलं, "सर, आधी माझी चूक दाखवते."

सगळं सांगितलं गं! गोठा, पेला, मिशी, सगळं. पाच प्राण्यांखाली पाचदा गोजरी, ही पहिली स्लाइड. पहिल्यांदा कुणीच हसेना. वाटलं, गेली नोंदणी. मग अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे ते गृहस्थ दूध पीत नाहीत हे तुम्ही त्यांच्या पत्नीच्या आधी शोधून काढलंत?" आणि जे हसायला लागले ते थांबेचनात. बाहेरचा शिपाई आत डोकावला.

मग खरा निकाल. खोंड आणि म्हैस यांचे स्टार्टर सख्ख्या भावंडांसारखे, थोडाच फरक. करडू त्यांच्या जवळ. मांजर आणि कुत्रा बरेच लांब, त्यांचं वेगळंच चाललंय. पण जनुकाच्या अगदी लगत एक छोटासा तुकडा आहे, संयो, तो सगळ्यांत सारखा आहे. तात्यांच्यातही! या वेळी मी तीनदा म्हैस तपासली. म्हैस नाही. हा खरा आहे. अवघा एवढासा तुकडा, पण खरा, आणि मला पहिल्या खोट्यापेक्षा जास्त आनंद झालाय. भडंग मात्र वाटलं नाही. घाबरले.

नोंदणी राहिली! राहिली, राहिली, राहिली! मॅडमनी पाठीवर थाप मारली. एवढी जोरात की माझ्या हातातली नोंदणीची पावती हवेत उडाली.

तात्यांना सांग: त्यांना आजार नाही. माणसांत हा स्टार्टर मोठेपणी चालू ठेवणारं एक अक्षर असतं, जनुकापासून जरा लांब. ते त्यांच्यात सापडलं नाही. म्हणजे जगातल्या बहुतेक सगळ्या सस्तन प्राण्यांच्या पंगतीत ते बसलेत, एकटे नाहीत.

आता समितीला आणखी माणसं हवीत, दूध पचवणारी आणि न पचवणारी. पहिला नमुना शालूबाईंचा हवा. काडी पाठवतेय. सोबत एकच प्रश्न विचारायचा: पेलाभर दूध प्यायल्यावर पोटाला त्रास होतो का? तेवढं उत्तर लिहून पाठव.

तुझी नोंदणीकृत
अशू

*

खंडाळा
२३ फेब्रुवारी २०२५

नोंदणीकृत बाई,

तुझं पत्र मी ओट्यावर उभी राहून मोठ्यानं वाचलं. तात्यांनी सुभेदाराला सलाम ठोकला. म्हणाले, "म्या एकला न्हाई म्हंजी. रणगाडा बी माज्यातलाच." डेअरीचा गाडीवाला आला होता, त्यालाही आम्ही साखर दिली. तो विचारत होता, घरात कुणाला मुलगा झाला का. आत्याबाई म्हणाल्या, "पोरगी पास झाली. त्येच्यापरास मोटं हाय."

मग मी तुझा प्रश्न विचारला. आत्याबाई, पेलाभर दूध प्यायल्यावर तुमच्या पोटाला त्रास होतो का?

त्या म्हणाल्या, "काय की बाई. कवा पिऊन बगितलंय?"

अशू, मलाही कधी सुचलं नव्हतं. एवढ्या म्हशी त्यांच्या हातून गेल्या. आधी दूध त्यांच्या सासऱ्यांना, मग तात्यांना, मग शिवतेजना, म्हणजे तुझ्या दाजींना, पैलवान करायचं म्हणून, आता राहिलेलं डेअरीला. स्वतःला चहात थेंबभर आणि पातेल्याची खरवड. त्या हे तक्रारीनं म्हणाल्या नाहीत. मी विचारलं म्हणून आठवून बघत होत्या.

तात्या उठले. आत गेले आणि मोठा पेला काठोकाठ भरून आणला. चालताना ओट्यावर सांडत. "धर," म्हणाले. "आन् समदं पी. अर्दं टाकायचं न्हाई."

आत्याबाई लाजल्या. आमच्याकडे पाठ करून प्यायल्या. त्यांच्या पाठीवरून कळत होतं, थांबून थांबून, चव घेत. प्यायल्यावर वळल्या तर दुधाची मिशी आलेली. या वेळी "लागलंया बगा" म्हणायची पाळी तात्यांची होती.

मग तात्यांनी त्यांना पहाऱ्यावर बसवलं. "काय हुतंय का? गोळीबार?" "न्हाई." थोड्या वेळानं पुन्हा, "आता?" "न्हाई वो." जेवायच्या वेळेपर्यंत हेच चाललं होतं. शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, "मला काय बी हुत न्हाई, तुमालाच हुतंय."

तर उत्तर लिहून घे: त्रास नाही. काडी दुसऱ्या दिवशी पहाटे, तोंड धुऊन घेतलीय, पेटीत आहे.

आज संध्याकाळी धार झाल्यावर आत्याबाईंनी पेला आपला आपणच भरून घेतला आणि गोठ्यासमोर बाजेवर बसल्या. मांजर, सुभेदार, करडू सवयीनं गोळा झाले. रणगाडा दावं ओढून हंबरायला लागला. आत्याबाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "गप रं. आदी माजं हू दे."

तुझी
संयो